पैठणी, दागिना, घड्याळ, बॅग: महागडी वस्तू सदोष निघाली तर पैसे परत कसे मिळवायचे? (नाशिक)

गोदाकाठ

लग्नसराई आली की सराफ बाजार, कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि तिकडे येवल्यापर्यंत लाखालाखाच्या खरेद्या होतात. त्यातली एखादी वस्तू सदोष निघते. मग बिलाच्या तळाशी छापलेलं "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य वाचून लोक गप्प बसतात. हा धागा त्यासाठीच काढतोय.

ते वाक्य सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (अंमल २० जुलै २०२० पासून) च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यातलीच एक प्रथा. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर ती मुदत, नसेल तर ३० दिवस. मात्र घरी गेल्यावर रंग आवडला नाही, सासूबाईंना डिझाइन पटलं नाही, दुसरीकडे स्वस्त मिळालं, या कारणांसाठी हा हक्क नाही. तिथे दुकानाचं स्वतःचं धोरण चालतं. तक्रारीत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की दुकानदार नेमकं "आवडलं नाही"वर बोट ठेवतो आणि दोषाचा मुद्दा बाजूला पडतो.

दोष दिसला त्याच दिवशी करायच्या गोष्टी:

वापर थांबवा. पुन्हा नेसून बघू, चार दिवस घालून बघू, हे नको. दिवसाच्या उजेडात दोषाचे फोटो काढा: एक पूर्ण वस्तूचा, एक जवळून, आणि एक असा की ज्यात दोष आणि लेबल, सीरियल नंबर किंवा हॉलमार्क एकाच चौकटीत येतील. हा तिसरा फोटो बहुतेक जण काढत नाहीत. मग "हा फोटो आमच्याच वस्तूचा कशावरून?" असा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसतं. खोका, टॅग, वॉरंटी कार्ड, सिल्क मार्कचं लेबल, काहीही फेकू नका.

त्याच दिवशी लेखी कळवा. फोनवर किंवा काउंटरवर बोललेलं कुणाला आठवत नाही. ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर पाच ओळी पुरतात: बिल क्रमांक आणि तारीख, वस्तू, भरलेली रक्कम, दोष काय आणि कधी दिसला, आणि मागणी काय. मागणी एकच ठेवा. "दुरुस्ती करा नाहीतर बदलून द्या नाहीतर पैसे द्या" असं लिहिलं की समोरचा सगळ्यात स्वस्त पर्याय उचलतो.

वस्तू दुकानात ठेवायची वेळ आली तर पोच घ्या. पोचेवर दोष तुमच्या शब्दांत लिहिलेला हवा. "तपासणीसाठी जमा" एवढंच लिहिलं असेल तर वस्तू ताब्यात देऊ नका.

काटातोळा

सोन्याचं मी लिहितो, कारण इथे नियम सगळ्यात स्पष्ट आहेत आणि वापरले मात्र जात नाहीत.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असल्याशिवाय तो विकता येत नाही (२ ग्रॅमच्या आतले दागिने वगळून). दागिन्यावर तीन खुणा असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (उदा. २२के९१६) आणि एचयूआयडी. तो क्रमांक बीआयएस केअर अॅपमध्ये टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि कुणाकडून हॉलमार्क झाला ते दिसतं. अॅपमध्ये "अंगठी" येतंय आणि हातात मंगळसूत्राची वाटी आहे, तर तिथेच तक्रार उभी राहिली.

शुद्धतेचीच शंका असेल तर बीआयएसमान्य हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकालाही दागिना तपासून घेता येतो. चार नगांपर्यंत २०० रुपये असा दर ठरवून दिलेला आहे. केंद्रांची यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर जिल्ह्यानुसार मिळते. दागिना विकलेल्या दुकानाशी रोजचा व्यवहार असलेलं केंद्र टाळा.

शुद्धता कमी निघाली तर बीआयएस नियम २०१८ मधला नियम ४९ लागतो: कमी भरलेल्या शुद्धतेच्या किमतीच्या दुप्पट भरपाई, अधिक तपासणीचा खर्च. उदाहरणार्थ, २० ग्रॅमची चेन ९१६ म्हणून विकली आणि ८८० निघाली. फरक हजारात ३६, म्हणजे २० ग्रॅममागे ०.७२ ग्रॅम शुद्ध सोनं. भरपाई १.४४ ग्रॅम शुद्ध सोन्याच्या किमतीइतकी. हा हिशेब पत्रातच मांडा. हिशेब मांडलेल्या पत्राला "बघू, करू" असं उत्तर देता येत नाही.

आता मुख्य धोका. सदोष दागिना परत न्यायला गेलात की काउंटरवर तो "मोड" म्हणून धरतात: आजचा भाव, त्यातून घट वजा, घडणावळ शून्य, जीएसटी शून्य. ही परतफेड नाही, जुनं सोनं विकणं आहे. पावतीवर "मोड" किंवा "जुने सोने खरेदी" लिहिलेलं दिसलं तर सही करू नका. कडी तुटली, झाळ सुटली, खडा निसटला, मिना उडाला, हे पहिल्या काही दिवसांत झालं असेल तर मागणी बिलाच्या पूर्ण रकमेची करा, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटीसकट.

सिडकोवासी

दुकानदार म्हणतात, जीएसटी सरकारला भरून झाला, तो आता परत कसा देणार? यात तथ्य आहे का?

काटातोळा

नाही. माल परत आला की विक्रेता जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली क्रेडिट नोट काढतो आणि पुढच्या विवरणपत्रात आपली करदेयता तेवढ्याने कमी करतो. त्याला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते (वार्षिक विवरणपत्र आधी भरलं तर त्या तारखेपर्यंत). म्हणजे त्याच्या खिशातून काही जात नाही.

एक गोंधळ मात्र टाळा. "क्रेडिट नोट" हा शब्द बाजारात दोन अर्थांनी चालतो. एक ही करासाठीची. दुसरी म्हणजे "एवढ्या रकमेची खरेदी आमच्याच दुकानात सहा महिन्यांत करा" अशी चिठ्ठी. दुकानदार पहिलीचं नाव घेऊन दुसरी हातात ठेवतो. पैसे ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने परत हवेत, हे ईमेलमध्ये स्वतंत्र ओळीत लिहा.

मागावरची

पैठणीबद्दल. येवल्याहून घ्या नाहीतर मेन रोडवरून, बहुतेक भांडणं बिलावर फक्त "साडी १ नग" लिहिलेलं असल्याने हरतात. विकताना तोंडी सगळं सांगितलं जातं, हातमाग, शुद्ध रेशीम, असली जरी, आणि कागदावर एक शब्द येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी बिलावर एवढं लिहून घ्या: शुद्ध रेशीम, हातमाग की यंत्रमाग, जरीचा प्रकार, काठ (मुनिया, नारळी, जो असेल तो), पदराची लांबी, ब्लाउज पीस आहे की नाही. दोन मिनिटांचं काम आहे. नकार मिळाला तर त्यातच उत्तर आलं.

लेबलं नीट समजून घ्या. सिल्क मार्क सांगतो की रेशीम शुद्ध आहे. जरी खरी आहे असं तो सांगत नाही, हातमागावर विणली आहे असंही सांगत नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा. भौगोलिक मानांकन पैठणीला आहे, पण तुमच्या हातातल्या साडीच्या जरीची हमी त्यातून मिळत नाही. तक्रार करताना कुठल्या दाव्याचा भंग झाला ते नेमकं लिहा.

काय तपासायचं:

रेशीम. पदराच्या गोंड्यातले दोन-चार ताण्याचे (उभे) धागे घ्या, आणि टोकाजवळून एक-दोन बाण्याचेही (आडवे). रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. फक्त ताणा रेशमी आणि बाणा कृत्रिम असाही प्रकार असतो, म्हणून दोन्ही जाळून बघायचे. तेवढेच धागे पाकिटात घालून तारीख टाकून ठेवा.

जरी. असली जरी म्हणजे रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार आणि वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत तांब्याची तार असते. त्याखालची म्हणजे प्लास्टिकच्या चकाकत्या पट्टीची. सुटं टोक उकलून ज्योतीजवळ नेलं की प्लास्टिक लगेच आक्रसतं. चांदी की तांबं हे डोळ्यांनी ठरवू नका, एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या) यंत्रावर धातूचं प्रमाण कळतं.

विणकाम. कांड्यांनी (रंगीत धाग्याच्या छोट्या नळ्यांनी) भरलेल्या पारंपरिक पदराची उलटी बाजू जवळपास सुलटीसारखीच दिसते, मागे लोंबते धागे नसतात. पण ब्रोकेड काठ असेल तर मागे तरंगते किंवा कापलेले धागे दिसणारच, तो दोष नाही. पुष्कळ तक्रारी इथेच फसतात: ब्रोकेड म्हणूनच विकलेल्या साडीवर "मागे धागे आहेत, यंत्रमागाची आहे" असा आरोप केला जातो आणि विणकर तो सहज खोडून काढतो. हातमागावर अधूनमधून धागा जोडल्याची गाठ किंवा काठाच्या रुंदीत बारीकसा फरक येतो, तोही दोष नव्हे. दोष कशाला म्हणायचं? घडीवर चिरणं, पहिल्याच ड्रायक्लीनला काठाचा रंग अंगात उतरणं, जरी काळी पडणं, सांगितलेल्यापेक्षा लांबी कमी भरणं.

ड्रायक्लीनची पावती जपून ठेवा. "तुम्ही घरी धुतली असणार" हे पहिलं उत्तर ठरलेलं आहे.

पंचवटीकर

@मागावरची, ताई, रंग उतरल्याचा वाद झाला तर धागे जाळून काही सिद्ध होत नाही. तिथे काय?

मागावरची

प्रयोगशाळा. टेक्स्टाइल्स कमिटीच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेत कापडाच्या आणि रंगाच्या पक्केपणाच्या चाचण्या होतात. पण नमुना म्हणून कापड कापावं लागतं, म्हणून आधी विक्रेत्याला लेखी कळवा आणि शक्यतो ब्लाउज पीसमधून नमुना द्या. अंग, काठ आणि पदर यांचे रंग वेगळे असतील तर प्रत्येकाचा तुकडा लागतो.

काटा_सेकंदाचा

घड्याळांचं थोडक्यात. काचेच्या आत बाष्प दिसलं तर ताबडतोब फोटो, कारण तासाभरात ते नाहीसं होतं आणि सर्व्हिस सेंटर "दोष आढळला नाही" लिहून परत देतं. मागचं झाकण बाहेर कुठेही उघडायचं नाही, वॉरंटी तिथेच संपते. तबकडीवरचं "३० मीटर" म्हणजे तेवढ्या खोल पोहता येतं असं नाही, ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतं आहे. त्या घड्याळाने पोहल्यावर पाणी गेलं तर तक्रार टिकत नाही. १०० मीटरच्या घड्याळात पावसाने पाणी गेलं तर टिकते.

वेळ चुकते अशी तक्रार असेल तर आकडे द्या. ऑटोमॅटिक घड्याळाला पूर्ण चावी देऊन सात दिवस रोज ठरलेल्या वेळी फोनच्या घड्याळाशी ताडून फरक सेकंदांत लिहा. प्रमाणित स्विस क्रोनोमीटरच्या यंत्राची मर्यादा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद आहे. प्रमाणपत्र नसलेल्या साध्या ऑटोमॅटिकला ती लावू नका, कंपनीच्या पुस्तिकेतली मर्यादा बघा. अचानक खूप पुढे पळायला लागलं तर बहुधा चुंबकत्व बसलेलं असतं (स्पीकर, बॅगेचं चुंबकी बटण). ते दोन मिनिटांत निघतं, तो उत्पादनदोष नाही.

जॉबकार्डावर (सर्व्हिस सेंटरच्या जमा-पावतीवर) सीरियल नंबर, पट्ट्याच्या कड्यांची संख्या, आधीचे ओरखडे आणि दोष हे सगळं लिहून घ्या. वॉरंटी कार्डावर विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख नसेल तर कंपनी हात वर करते. हे खरेदीच्या दिवशीच काउंटरवर बघायचं.

सिडकोवासी

आणि बॅगा?

काटा_सेकंदाचा

बॅगेत दोन गोष्टी वेगळ्या करा. कोपरे घासले, कडेचा रंग वर्षभराने तडकला, ही झीज. सहा महिन्यांत पापुद्रे सुटायला लागले तर ते पूर्ण चामडं नसण्याची शक्यता मोठी: चामड्याचा चुरा चिकटवून वर पीयूचा (प्लास्टिकसारखा) थर दिलेला असतो, आणि आपल्या पावसाळ्यातल्या दमटपणाने तो थर सुटतो. "अस्सल चामडं" असा टॅग असेल तर हा दर्जाचा नाही, चुकीच्या वर्णनाचा मुद्दा होतो आणि तो जास्त भक्कम आहे. पापुद्र्याखाली विणलेलं कापड दिसतंय तिथला जवळून फोटो हवा.

१० लाखांवरच्या घड्याळावर किंवा हँडबॅगेवर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेतो. परताव्याच्या मागणीत ती रक्कम वेगळी दाखवा, कारण ती तुमच्या २६एएसमध्ये (आयकर खात्याच्या कर-जमा पत्रकात) जमा दिसते आणि हिशेब तिथे जुळवावा लागतो.

पंचवटीकर

कच्च्या बिलावर घेतलेल्या वस्तूंचं काय? सराफ बाजारात अजूनही "पक्कं बिल घेतलं तर ३ टक्के वाढतील" ऐकू येतं.

गोदाकाठ

ते ३ टक्के वाचवू नका. पण झालंच असेल तर सगळं संपलं असं नाही. बिल न देणं हीसुद्धा कलम २(४७) खाली अनुचित प्रथाच आहे. यूपीआयचा व्यवहार, बँकेचं स्टेटमेंट, भाव ठरवतानाचं चॅट, एचयूआयडी, दुकानाच्या नावाचा बटवा, हे सगळं मिळून खरेदी सिद्ध होऊ शकते. आधी व्हॉट्सअॅपवर "अमुक तारखेला घेतलेल्या अमुक वस्तूचं पक्कं बिल पाठवा" एवढंच मागा. उत्तर काहीही आलं तरी विक्री झाल्याची कबुली त्यात बहुतेक वेळा येते.

रोखीने आणि चिठ्ठीवर घेतलं असेल तर मात्र फार अवघड आहे.

वकिली_नाही_अनुभव

पुढची पायरी. ईमेलला उत्तर आलं नाही किंवा टाळाटाळ झाली की नोटीस पाठवायची. वकील लागत नाही. एक पान, तारखांच्या क्रमाने, शेवटी रक्कम आणि १५ दिवसांची मुदत. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे जीपीओत स्पीड पोस्टच मागा आणि पोहोचल्याचा पुरावा जोडून घ्या. दुकान आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही पाठवा. दुकान कंपनीकडे बोट दाखवतं, कंपनी दुकानाकडे. दोघं एकाच नोटिशीत आले की हे थांबतं.

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीत बोलता येतं, तक्रारीचा डॉकेट क्रमांक मिळतो, तक्रार कंपनीकडे जाते. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. मोठ्या ब्रँडकडून तिथे उत्तर येतं, गल्लीतल्या दुकानाकडून क्वचित. ऑनलाइन खरेदी असेल तर ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तो महिना संपायची वाट बघून मग पुढे जा.

क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे "वर्णनाप्रमाणे माल नाही" या कारणाखाली व्यवहारावर वाद दाखल करा. मुदत कार्डच्या जाळ्याच्या (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) नियमांनी ठरते आणि ती महिन्यांची असते, वर्षांची नव्हे, म्हणून दुकानदाराच्या "पुढच्या आठवड्यात या"मध्ये ती घालवू नका. हप्त्यांवर घेतलं असेल तर रागाने हप्ते थांबवू नका. कर्ज वेगळं, वस्तूचा वाद वेगळा, आणि सिबिल तुमचं बिघडतं.

वकिली_नाही_अनुभव

मग जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. मागितलेली भरपाई यात धरत नाहीत. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० ला ४००, २० ते ५० ला १०००. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं (ग्राहक संरक्षण कायदा, कलम ६९). दुकान मुंबईत किंवा दिल्लीत असलं तरी तुम्ही नाशिकला राहत असाल तर तक्रार नाशिकच्या आयोगात चालते, त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये तशी सोय आहे. २०२५ पासून ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे.

जोडायचं काय: बिल, पैसे दिल्याचा पुरावा, फोटो, जॉबकार्ड किंवा जमा-पोच, ईमेल, नोटीस आणि तिची पोच, तपासणी अहवाल, प्रतिज्ञापत्र, आणि सगळ्याला पान क्रमांक घातलेली अनुक्रमणिका. चॅटचे नुसते स्क्रीनशॉट देऊ नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा आणि मूळ चॅट फोनमध्ये तसंच ठेवा. फोन बदलताना हेच हरवतं.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि आयोगाने दिलेच तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की ४५ दिवसांपुढे ही मुदत वाढत नाही. मुदत टळली तर लेखी हरकत घ्या.

सिडकोवासी

भेट दिलेली वस्तू असेल तर तक्रार कुणी करायची? बिल मामाच्या नावावर आणि दागिना भाचीकडे, असं आपल्याकडे सर्रास असतं.

वकिली_नाही_अनुभव

खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक आहे. तरी दोघांची नावं तक्रारदार म्हणून घाला, म्हणजे तो वादच येत नाही. दुकानाच्या किंवा फर्मच्या नावाने बिल घेऊन इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) लावलं असेल तर मात्र "व्यावसायिक हेतू" म्हणून तक्रार उडू शकते.

पंचवटीकर

मधेच दुकानदार अर्धी रक्कम देऊ करतो. घ्यावी का?

गोदाकाठ

दोष छोटा असेल आणि वस्तू ठेवायची असेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण "पूर्ण व अंतिम समझोता, पुढे कोणतीही तक्रार नाही" अशा कागदावर सही करून अर्धीच रक्कम घेतली तर उरलेल्या अर्ध्यासाठी आयोगात जाणं जवळपास बंद होतं. रक्कम थेट खात्यात आली असेल तर त्याच दिवशी ईमेल करा: "रु. अमुक मिळाले, ते एकूण मागणीपोटी अंशतः धरले आहेत."

काटातोळा

@गोदाकाठ, मला हे तितकं पटत नाही. सोन्यात अर्धी रक्कम घेऊन दागिना ठेवला आणि उद्या भाव चढला, तर दुकानदार म्हणणार ग्राहकाला फायदाच झाला. शुद्धतेच्या तक्रारीत नियम ४९ चा पूर्ण हिशेब मिळाल्याशिवाय काही घेऊ नये. झाळ सुटणं वगैरे किरकोळ दोषाला तुमचं बरोबर आहे.

गोदाकाठ

मान्य. शुद्धतेला तडजोड नको.

मागावरची

एक राहिलं. प्रकरण चालू असताना वस्तू कशी ठेवायची? तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून मान्य प्रयोगशाळेत पाठवतो (कलम ३८), आणि तिचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. तोपर्यंत साडी जशी होती तशी राहिली पाहिजे. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. घडी बदलायची झाली तर बदलण्याआधी आणि नंतर फोटो काढा, नाहीतर घडीवरची चीर तुमच्याच कपाटात पडली असं म्हणायला जागा राहते.